सव्वा महिन्यानंतरचे ताट

गरोदरपणात 'शुगर निघालेल्या' बाईचे बाळंतपण सुखरूप पार पडले की घरात त्या शब्दाचा उच्चार थांबतो. इन्सुलिनची इंजेक्शने बंद होतात, बोटाला टोचणे बंद होते, नर्स सांगते 'आता नॉर्मल आहे', आणि स्वयंपाकघरात डिंक तळायला घेतला जातो. ते नॉर्मल खरेही असते. इन्सुलिनला विरोध करणारी संप्रेरके वारेतून येत असतात. वार पडली की ती झपाट्याने ओसरतात आणि रक्तातली साखर खाली येते. पण साखर वाढण्यामागचे मूळ कारण तिच्या स्वादुपिंडात तसेच राहते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत प्रत्येकीलाच नेहमीच्या दोन-तीन पट इन्सुलिन लागते. बहुतेकींचे स्वादुपिंड ते पुरवते. जिचे पुरवू शकले नाही, तिच्याकडची राखीव शक्ती तुटपुंजी आहे, हे तिच्या पंचविशी-तिशीतच कळलेले असते. पुढे येऊ शकणाऱ्या आजाराची इतकी लवकर आणि इतकी स्पष्ट सूचना वैद्यकात फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि ती बहुतेक वेळा डिस्चार्जच्या फाईलबरोबर कपाटात जाते.

ही सूचना आहे हे वैद्यकाला सुरुवातीपासून ठाऊक होते. बोस्टन सिटी हॉस्पिटलमधले जॉन ओसुलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर महान यांनी 1964 मध्ये गरोदरपणातील मधुमेहाचे पहिले गाजलेले निकष मांडले. त्यांचा मुख्य प्रश्न आईच्या भविष्याचा होता: गरोदरपणात ग्लुकोज प्यायल्यावर किती साखर आली तर या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका आहे असे म्हणावे? बाळाचे वजन आणि प्रसूतीतले अडथळे यांच्याकडे निकष ठरवणाऱ्यांचे लक्ष पुढच्या दशकांत अधिक गेले, आणि आईचे भविष्य थोडे मागे पडले. 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका एकत्रित विश्लेषणाने ते पुन्हा पुढे आणले. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला नंतर टाइप 2 मधुमेह होण्याचा धोका इतर मातांच्या सातपटीहून अधिक निघाला. 2020 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या अधिक मोठ्या विश्लेषणात तो आकडा दहापटीच्या जवळ गेला. अनेक देशांत झालेल्या 'हापो' अभ्यासातल्या मातांची दहा ते चौदा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. गरोदरपणात आजच्या निकषांपलीकडे साखर गेलेल्यांपैकी 52 टक्के स्त्रियांना मधुमेह किंवा त्याच्या आधीची अवस्था आलेली होती. बाकीच्यांमध्ये हे प्रमाण 20 टक्के होते.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट 2002 सालच्या एका आढाव्यात आहे. कॅथरीन किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा मधुमेहाचा आलेख बाळंतपणानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सर्वाधिक वेगाने चढताना दिसला. पुढे तो संथ होतो. म्हणजे आहाराने काही साधायचे असेल तर ते मूल शाळेत जाईपर्यंतच्या वर्षांत साधायचे आहे. आपल्याकडे बाळंतिणीच्या आहाराचा सारा विचार मात्र सव्वा महिन्याचा आहे. त्या सव्वा महिन्यात तिला काय द्यावे, काय देऊ नये, कशात तूप घालावे, यावर घरातल्या चार पिढ्यांची मते असतात. एक्केचाळिसाव्या दिवशी तिच्या ताटाकडे बघणारे कोणी उरत नाही.

आपल्याकडचा धोका वेगळा का

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीप्रमाणे देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. इथल्या बाईला गरोदरपणातला मधुमेह होतो तेव्हा ती पुष्कळदा लठ्ठ नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक दशके हे सांगत आले आहेत. 1993 मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांत सुरू झालेल्या त्यांच्या माता-पोषण अभ्यासात जन्मलेली बाळे वजनाने इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त असा हा बांधा पुढे आयुष्यभर सोबत राहतो. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात आणि बाईच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. 'मी तर बारीकच आहे' हे आपल्याकडच्या बाळंतिणीसाठी आश्वासन ठरत नाही. तिच्या बाबतीत वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी जास्त खरे सांगते.

दुसरा फरक ताटाचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या आहारातली 50 ते 70 टक्के ऊर्जा एकट्या धान्यातून येते; ती 45 टक्क्यांपर्यंत आणावी असा त्यांचा सल्ला आहे. भात, पोळी, पोहे, साबुदाणा, शिरा यांच्यातच दिवस जातो. डाळ पातळ असते, भाजी तोंडी लावण्यापुरती. ज्या स्वादुपिंडाची राखीव शक्ती कमी आहे त्याच्यावर हे ताट दिवसातून चार वेळा भार टाकते.

डिंकाचा लाडू

बाळंतिणीच्या आहारावर लिहिताना परंपरेला झोडपून काढण्याची एक सोपी वाट आहे. मला ती चुकीची वाटते, कारण महाराष्ट्रातल्या बाळंतिणीच्या खाण्यात मधुमेह टाळायला उपयोगी पडेल असे पुष्कळ आहे. देशावर बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, शेपू-मेथीच्या भाज्या, शेवग्याचा पाला, कोकणात कुळथाची पिठी आणि कळण, अळीव, बाळंतशेपा, ओवा, तीळ. यांत धान्य आहे ते कोंड्यासकट, डाळ आहे, पालेभाजी आहे, चोथा भरपूर आहे. शहरात आणि आता गावांतही यातले खडबडीत तेवढे गळून गेले. बाजरी कोणी थापत नाही, शेपूचा वास आवडत नाही, कुळीथ कोणाला माहीत नाही. उरले ते गोड आणि तुपकट: लाडू, खीर, शिरा, मऊ भात, शतावरी कल्प. या कल्पाच्या डब्यावरचा घटकांचा मजकूर वाचावा; बहुतेकांत सर्वांत मोठा वाटा साखरेचा असतो.

लाडवाचा हिशेब एकदा नीट मांडून बघू. घरी वळलेल्या मध्यम आकाराच्या डिंकाच्या लाडवात साधारण 15 ग्रॅम गूळ, 10 ग्रॅम तूप, 8 ग्रॅम सुके खोबरे, थोडी खारीक पूड, तळून फुललेला डिंक, खसखस आणि बदाम असतात. त्यातून सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी मिळतात. दोन लाडू म्हणजे साडेचारशे. बाळाला पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज जादा 600 कॅलरी लागतात असे आयसीएमआरचे 2020 चे प्रमाण आहे. म्हणजे सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू आणि भातावर तीन लहान चमचे तूप, एवढ्यात तिची वाढीव गरज संपली. लाडू खाल्ला म्हणून काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच्यावर खसखशीची खीर, दुधात कल्प, दुपारचा शिरा आणि रात्री चहाबरोबर टोस्ट आला की.

याच हिशेबाची दुसरी बाजू फारशी कोणी बघत नाही. त्याच प्रमाणानुसार तिला रोज सुमारे 17 ग्रॅम जादा प्रथिनेही लागतात. दोन लाडवांतून ती चारेक ग्रॅम मिळतात. ऊर्जेचा कोटा भरला, प्रथिनांचा रिकामा राहिला. तो भरायला एक वाटी मटकीची किंवा मुगाची उसळ, पेलाभर दूध किंवा तेवढे दही, आणि मूठभर शेंगदाणे पुरतात. अंडे खाणाऱ्या घरात दोन अंड्यांतून त्यातली 12-13 ग्रॅम मिळतात. पण उसळ 'वातूळ' म्हणून बंद, दही 'थंड' म्हणून बंद, फळ 'बाळाला सर्दी होईल' म्हणून बंद, कोशिंबीर कच्ची म्हणून बंद. या मनाईमुळे तिच्या ताटातून नेमके तेच पदार्थ जातात ज्यांच्यामुळे जेवणानंतरची साखर सावकाश चढते. आईच्या दह्याने बाळाला सर्दी होत नाही. मोड आलेले मूग नीट शिजवून, हिंग-जिरे घालून दिले तर बहुतेक बायकांना आठ-पंधरा दिवसांतच चालतात.

लाडू ठेवायचा असेल तर त्याची घडण बदलता येते. डिंक हा मुख्यतः विरघळणारा चोथा आहे, मेथी आणि अळिवातही तो भरपूर आहे. हे भाग वाढवावेत. गूळ निम्मा करावा, तीळ, जवस, शेंगदाणे, अक्रोड वाढवावेत, लाडू लिंबाएवढा वळावा आणि दिवसाला एक द्यावा. गुळाबद्दलचा एक गैरसमज मात्र स्पष्टपणे दूर करायला हवा. 100 ग्रॅम गुळात 85 ग्रॅमच्या आसपास साखरच असते आणि रक्तात ती जवळपास साखरेसारखीच चढते. खजूर-खारकेच्या 'शुगर फ्री' लाडवांचेही तसेच. वाळलेल्या खारकेच्या वजनात दोनतृतीयांशाहून अधिक साखर असते. हे लाडू आज पुण्या-मुंबईहून कुरियरने लंडन-न्यू जर्सीपर्यंत जातात, आणि गरोदरपणात शुगर होती म्हणून मुद्दाम बिनसाखरेचे मागवले जातात.

पुरावा काय सांगतो

आहाराने हा मधुमेह टळतो का, या प्रश्नाचे उत्तर तीन प्रकारच्या अभ्यासांतून येते, आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिला प्रकार स्तनपानाचा. आईच्या दुधात 100 मिलिलिटरमागे सुमारे 7 ग्रॅम दुग्धशर्करा असते. दिवसाला 750 मिलिलिटर दूध येत असेल तर आईच्या रक्तातली 50 ग्रॅमहून अधिक साखर रोज इन्सुलिनला फारसे कामाला न लावता बाळाकडे जाते. स्वादुपिंडाला मिळणारी ही विश्रांती मोजता येते. कॅलिफोर्नियात एरिका गंडरसन यांनी गरोदरपणात मधुमेह झालेल्या सुमारे एक हजार स्त्रियांचा दोन वर्षे मागोवा घेतला. 2015 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सुरुवातीचे आठवडे फक्त अंगावर पाजणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण वरचे दूध देणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास होते, आणि दहा महिन्यांहून अधिक पाजणाऱ्यांत ते त्याहूनही थोडे कमी. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांची तब्येत मुळात बरी त्यांना पाजणे सोपे जाते, हा आक्षेप त्याच्यावर घेता येतो. गंडरसन यांनी वजन, इन्सुलिनची गरज, बाळंतपणातल्या गुंतागुंती हे सगळे हिशेबात धरूनही फरक टिकला, म्हणून मी त्याला बरेच महत्त्व देते. मधुमेह असलेल्या मातांचे दूध पुष्कळदा एक-दोन दिवस उशिरा उतरते. त्या दोन दिवसांत घाईने हातात दिलेली बाटली पुढे सुटत नाही. म्हणून प्रसूतीनंतरचे पहिले तीन दिवस तिच्याजवळ बसून पाजायला मदत करणारी बाई, हासुद्धा मधुमेह टाळण्याच्या उपायांचाच भाग आहे.

दुसरा प्रकार आहाराच्या पद्धतींचा. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात गरोदरपणात मधुमेह झालेल्या 4,413 स्त्रिया होत्या. 2012 मध्ये डिड्रे टोबायस आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या खाण्याची नोंद तपासली. भाज्या, फळे, कडधान्ये, सुकामेवा, अखंड धान्ये जास्त आणि लाल मांस, गोड पेये कमी, अशा आहाराच्या तीन वेगवेगळ्या मोजमापांत सर्वांत वरच्या गटातल्या स्त्रियांना मधुमेह होण्याचा धोका सर्वांत खालच्या गटापेक्षा 40 ते 57 टक्क्यांनी कमी होता. याच स्त्रियांवरच्या 2016 च्या दुसऱ्या विश्लेषणात आणखी एक महत्त्वाची गोष्ट निघाली. कर्बोदके कमी करून त्यांची जागा मांस आणि प्राण्यांच्या चरबीने भरली तर धोका वाढलेला दिसला. वनस्पतिजन्य प्रथिने आणि तेलांनी भरली तर तो वाढला नाही. भात-पोळी पूर्ण बंद करून पनीर, चीज आणि तुपावर राहणे हा जो सल्ला हल्ली मोबाइलवर फिरतो, तो बाळंतिणीने पाळावा असे मला या पुराव्यावरून अजिबात वाटत नाही. इंडियाबच्या 18,090 प्रौढांच्या आहारावरून 2022 मध्ये मांडलेला हिशेब त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे: मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाने कर्बोदके एकूण ऊर्जेच्या 54 ते 57 टक्क्यांवर आणावीत आणि प्रथिने 16 ते 20 टक्के घ्यावीत. आपल्या घरात याचा अर्थ चार पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या, भात एक लहान वाटी, वरण घट्ट, आणि भाजी दोन वाट्या. भाकरीसुद्धा धान्यच आहे. ज्वारी-बाजरीचा चोथा उपयोगी आहे, पण 'शुगरला चालते' म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर फायदा राहत नाही.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष चाचण्यांचा, आणि खरी कसोटी तिथे लागते. 2002 मध्ये अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमने 3,234 उंबरठ्यावरच्या लोकांवर दाखवले की वजन 7 टक्क्यांनी उतरवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालणे यांनी मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी खाली येते. त्यांत 350 स्त्रियांना पूर्वी गरोदरपणात मधुमेह झाला होता. त्यांचा वेगळा हिशेब 2008 मध्ये आला. चाचणीच्या सुरुवातीला साखर सारखीच असूनही, प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी मिळालेल्या गटात या स्त्रियांना मधुमेह इतर मातांपेक्षा 71 टक्के जास्त झाला. आहार-व्यायामाने त्यांचा धोका 53 टक्क्यांनी आणि त्याच चाचणीत दिलेल्या मेटफॉर्मिन या गोळीने 50 टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना गरोदरपणात मधुमेह नव्हता त्या मातांना मेटफॉर्मिनचा फायदा जेमतेम 14 टक्के होता. त्यामुळे आहार सांभाळूनही साखर चढत राहिली तर गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा काहीच नाही.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या 2006 च्या भारतीय चाचणीत 531 लोक होते आणि जीवनशैलीतल्या बदलाने धोका 28.5 टक्क्यांनी कमी झाला. हा आकडा अमेरिकेपेक्षा लहान आहे. पण या लोकांचे वजन फारसे न उतरताही फायदा दिसला, हे मला त्या आकड्याहून मोलाचे वाटते. बारीक बांध्याच्या मराठी आईला वजन उतरवायला सांगून काय मिळणार, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे: ताट बदलले आणि पाय चालले तर वजनाचा काटा न हलताही लाभ होऊ शकतो.

आधी सांगितलेल्या अमेरिकी चाचणीतल्या, गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रिया त्या बाळंतपणापासून सरासरी बारा वर्षे पुढे आलेल्या होत्या. मुले मोठी झालेली, रात्री झोप होणारी. तान्हे मूल कडेवर असलेल्या बाईचे काय? याचे उत्तर शोधायला भारत, बांगलादेश आणि श्रीलंका इथल्या शहरी रुग्णालयांत 'लिव्हिंग' नावाची चाचणी झाली. सोळाशेच्या आसपास स्त्रिया होत्या. बाळंतपणानंतर तीन ते अठरा महिन्यांच्या काळात त्यांतल्या निम्म्यांना गटात बसवून आहार-व्यायामाची सत्रे दिली, फोन केले, मेसेज पाठवले. 2022 मध्ये निकाल आला. सत्रे घेतलेल्यांपैकी सुमारे 25 टक्के आणि नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे 27 टक्के स्त्रियांची साखरेची स्थिती बिघडली. म्हणजे फरक नाहीच. मध्येच कोविडची टाळेबंदी आली हे खरे, आणि कार्यक्रम हलका ठेवला होता हेही खरे.

या निकालाकडे मी 'आहाराचा उपयोग नाही' असे म्हणून बघत नाही. सल्ला आणि आहार यांच्यामध्ये तिचे घर उभे असते, एवढे त्यातून कळते.

ताट कोण वाढते

बाळंतीण स्वतःचे ताट क्वचितच स्वतः ठरवते. पहिला सव्वा महिना, पुष्कळदा तीन महिने, ती माहेरी असते आणि आई वाढेल ते खाते. 'अगं, अंगावर पाजतेस, खाऊन घे,' या वाक्याला उत्तर देता येत नाही, कारण त्यात माया असते. मग ती सासरी जाते आणि स्वयंपाक तिच्याकडे येतो, पण काय शिजवायचे ते सासऱ्यांच्या दातांवरून आणि नवऱ्याच्या आवडीवरून ठरते. तिच्या एकटीसाठी वेगळी भाकरी थापणे तिलाच अवघड वाटते. सहा महिन्यांनी बाळाचे वरचे खाणे सुरू झाले की वाटीत उरलेले नाचणीचे सत्त्व, अर्धा शिरा, ओले बिस्किट टाकवत नाही म्हणून तिच्या पोटात जाते. जेवायला ती शेवटी बसते. तोवर भाजी संपलेली असते, भात आणि आमटीचे पाणी उरते. रात्री दोनदा-तीनदा उठणाऱ्या बाईला पहाटे भूक लागते ती गोडाची, आणि हाताशी बिस्किटांचा पुडा असतो.

आहारतज्ज्ञांच्या छापील तक्त्यात यातले काहीच नसते. म्हणून मला वाटते की सल्ला तिच्याऐवजी तिच्या आईला आणि सासूला, आणि नवऱ्याला समोर बसवून द्यायला हवा. किराण्याची यादी त्यांच्या हातात असते. पलंगाजवळच्या डब्यात बिस्किटांच्या जागी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, अक्रोड ठेवणे हे नवऱ्याचे काम असू शकते. भाजी ताटात आधी वाढायची आणि तिच्या वाट्याची बाजूला काढून ठेवायची, हे सासूला सांगितले तर ती करते. तिला ते कोणी सांगितलेले नसते. आणि घरातल्या सगळ्यांचेच पीठ बदलले, गव्हाच्या जोडीला ज्वारी-बाजरी आली, तर वेगळे शिजवण्याचा प्रश्न मिटतो. बहुतेकदा त्याच घरात सासूला किंवा सासऱ्यांना मधुमेह असतोच.

वजन उतरवण्याबद्दल एक भीती सर्वत्र आहे: आईने कमी खाल्ले तर दूध आटेल. उपाशी राहणे चूकच, आणि पहिल्या सहा आठवड्यांत कसलेही डाएट करू नये. पण 2000 साली चेरिल लव्हलेडी यांच्या चाचणीत वजन जास्त असलेल्या, फक्त अंगावर पाजणाऱ्या मातांनी चौथ्या ते चौदाव्या आठवड्यांत आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन आहार आणि व्यायामाने उतरवले, आणि त्यांच्या बाळांची वाढ इतरांइतकीच झाली. जिचे वजन गरोदरपणाआधीच जास्त होते तिने दूध नीट सुरू झाल्यावर या वेगाने उतरवायला हरकत नाही. जेवण झाले की बाळाला घेऊन दहा-पंधरा मिनिटे अंगणात, गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारणे हा सर्वांत सोपा व्यायाम; चालत्या स्नायूंना साखर उचलायला इन्सुलिनची गरज कमी पडते. सिझेरियन झालेल्या बाईनेही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हे करावे. सव्वा महिना खाटेवर पडून राहण्याच्या रीतीने तिच्या स्नायूंचे नुकसान होते.

सहावा आठवडा

ताटात काय बदल करायचा ते साखर कुठे आहे हे कळल्याशिवाय नीट ठरत नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्त तपासावे असे सांगितले आहे. दोन तासांनी 140 च्या आत असेल तर ठीक, 140 ते 199 म्हणजे उंबरठा, 200 किंवा वर म्हणजे मधुमेह. या टप्प्यावर एचबीए1सी करून भागत नाही, कारण प्रसूतीतला रक्तस्राव आणि रक्तक्षय यांमुळे तो आकडा फसवतो. फक्त उपाशीपोटीची साखर पाहूनही पुष्कळ जणी निसटतात.

ही चाचणी बहुतेकींची होत नाही, आणि कारण समजायला कठीण नाही. प्रसूती माहेरच्या गावी झालेली, गरोदरपणाची फाईल सासरच्या शहरात, आणि ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तास थांबायला तान्ह्याला कुठे ठेवणार? पण नेमक्या सहाव्या आठवड्यात बाळाला पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस द्यायला तिला दवाखान्यात यावेच लागते. दवाखान्यात प्यायचे ग्लुकोज आणि रक्त काढायची सोय त्याच दिवशी ठेवली तर वेगळी फेरी पडत नाही. रुग्णालयात प्रसूती झालेल्या बाळाला पाहायला आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात, आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यातही येतात. या भेटींचा भर बाळावर आहे. बाळाचे वजन केल्यावर आईला 'तुमची शुगर होती ना, तपासली का?' एवढे विचारायला एक मिनिट लागते. ती ओळ आशाताईंच्या नोंदवहीत छापून यावी आणि तिच्यासाठी त्यांना मोबदला मिळावा, असे मला मनापासून वाटते.

पहिली चाचणी ठीक आली तरी एक ते तीन वर्षांनी, जन्मभर, ती करत राहावी लागते. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या आसपासची तारीख लक्षात राहायला सोपी. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाला की मात्र वर्ष मोजत बसू नये. आधीच्या खेपेला मधुमेह झालेल्यांपैकी वेगवेगळ्या अभ्यासांत 30 ते 84 टक्के जणींना पुढच्या खेपेला तो पुन्हा होतो, आणि मधल्या काळात कळत नकळत कायमचा मधुमेह सुरू झालेला असेल तर गर्भाचे हृदय आणि मज्जारज्जू घडण्याच्या पहिल्या आठवड्यांतच त्याला वाढलेली साखर मिळते. तेव्हा बाईला आपण गरोदर आहोत हेही पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून गर्भनिरोधक बंद करण्याआधी, फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करतानाच, ग्लुकोज पिऊन दोन तासांची चाचणी करून घ्यावी आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जावे.